घरच्यांकडून इसार कसला?

"दादा, आम्ही काय परके आहोत का? इसार कसला मागता?"

मी गोंधळी. गोंधळाची तारीख धरताना आगाऊ पैसे, म्हणजे इसार, मागितला आणि फोनवर हे आलं की मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. यजमान विचारतात, यजमानांचे व्याही विचारतात. विद्यापीठात एकदा गोंधळावर बोलायला बोलावलं होतं, तिथल्या एका मुलीनंही विचारलं, जरा सभ्य शब्दांत: "श्रोत्यांशी तुमचं इतकं घरोब्याचं नातं आहे म्हणता, मग पैशाचं एवढं रोखठोक कसं?" तिला मी गोलगोल उत्तर दिलं. टाळ्याही पडल्या. पण ते उत्तर नव्हतं, हे तिला कळलं आणि मलाही. तेव्हा आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

तुम्ही परके नाही, हे आधीच मान्य. तोंडदेखलं म्हणत नाही. गोंधळ्याचा श्रोता तिकीट काढून येत नाही, आणि आम्हीही मागच्या दारानं निघून जात नाही. तुमच्या हॉलमधला सोफा सरकवून आम्ही चौक मांडतो, चोळीच्या खणावर धान्य, त्यावर कलश, दिवटी पेटवतो आणि तुमच्या कुळाचं नाव घेऊन तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडोबाला बोलावतो. घरात कोण कुणावर रुसलंय हे आख्यान सुरू व्हायच्या आधीच मला ठाऊक असतं, कारण कुठल्यातरी काकूंनी चहा देताना ते हळूच सांगितलेलं असतं. मग संपादणीत, म्हणजे आख्यानातल्या हसऱ्या सोंग-संवादात, मी त्या रुसलेल्याला एक चिमटा काढतो, अख्खं घर हसतं, आणि कधीकधी तो रुसवा तिथंच संपतो. हे परक्याच्या घरात करता येत नाही.

भोसरीचा एक रिक्षावाला आहे. त्याला तारखा कुठून कळतात देव जाणे, पण बोलावणं नसतानाही येतो आणि दिवटीजवळ बसतो. बुदलीतलं तेल संपत आलेलं माझ्या आधी त्याला दिसतं. कोथरूडच्या एक बाई त्यांच्या नातवाचे व्हिडिओ पाठवतात. पोरगं बिस्किटाचे दोन डबे कमरेला बांधून संबळ वाजवतं, आणि एक काठी टोकाला वाकडीच पाहिजे म्हणून हटून बसतं. अशा माणसांमुळे मी अजून हे करतोय. नाहीतर या शहरात आता गोंधळ म्हणजे काय, रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, सोसायटीचे चेअरमन पावणेदहालाच घड्याळ दाखवतात. पूर्वी देवीला उजाडेपर्यंत नाचवायचे, आम्ही तिला दहाच्या आत उरकून घे म्हणतो.

तर माणसं घरचीच. इसार तरीही घेतो. निम्मे पैसे आधी, तारीख पक्की करताना.

"तुझ्या आजोबानं कधी मागितला नाही," हा दाखला मला हमखास मिळतो. बरोबर आहे, आजोबांनी मागितला नाही. पण पुरंदरातल्या आमच्या गावात आजोबा अलुतेदार होते. सुगीला खळ्यावर जायचं, वाट्याचं धान्य पोत्यात भरायचं. ज्या घरात त्या वर्षी लग्न नाही, गोंधळ नाही, त्या घरचंही धान्य यायचं. म्हणजे पुढच्या गोंधळाचे पैसे आजोबांना आधीच पोचलेले असायचे, फक्त त्याला कुणी इसार म्हणत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात खळीच ओस पडली. वडील पुण्यात आले, दिवसा मंडईत हमाली आणि रात्री संबळ असं करत त्यांनी कसब्यात, शुक्रवारात एकेक घर धरलं. त्या घरांनी जीव लावला, जेवू घातलं, आम्हा पोरांना शाळेचे कपडे दिले. वर्षाचं धान्य मात्र द्यायची रीत इथं नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

शिवाय आमचं वर्ष आखूड. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, आषाढी एकादशीला देव झोपले की बंद. मधल्या चातुर्मासात नवरात्र सोडलं तर संबळ खुंटीला. आणि मुहूर्त साऱ्या पुण्याला तेच. वैशाखातल्या एकाच दिवसासाठी तीन-चार घरं विचारतात. एकाला हो म्हटलं की बाकीच्यांना नाही म्हणायचं. पार्टीत आम्ही सहा जण. झीलकऱ्यांपैकी, म्हणजे मागं सूर धरणाऱ्यांपैकी, एक दिवसा कुरिअर वाटतो, तुणतुणेवाला चाकणच्या कंपनीत कंत्राटावर आहे, त्याला रजा टाकावी लागते. तारीख धरून ठेवणं म्हणजे नुसतं वहीत लिहिणं नव्हे.

एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "ते बाकीच्यांचं झालं, पण आमच्याकडून?"

मग ते घर सांगावंच लागेल.

कसब्यातल्या वाड्यातलं घर. वाडा पाडला, ते लोक आता सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहतात. त्या घरच्या तिन्ही मुलांच्या लग्नांचे गोंधळ वडिलांनी केले. तिथल्या आजींना निम्मी आख्यानं तोंडपाठ. घाईत मी एखादी ओळ गाळली तर समोर बसून नुसत्या बघायच्या, आणि मला मागं जाऊन ती ओळ घ्यावी लागायची. २०२० च्या मार्चनंतर आमच्या साऱ्या तारखा गेल्या. लग्नं पन्नास माणसांत, पुढच्या वर्षीच्या एप्रिलात तर पंचवीस माणसं आणि दोन तास. त्यात गोंधळ कोण घालणार? त्या दिवसांत आजी दर महिन्याला नातवाच्या हाती आमच्याकडं किराणा पाठवायच्या. पिशवीत चिठ्ठी असायची, भवानीचा प्रसाद समज म्हणून. मी घेतला. घेताना मान वर होत नव्हती, पण घेतला, कारण घरात पीठ नव्हतं.

त्याच नातवाचं लग्न निघालं २०२२ च्या वैशाखात. इसाराचा शब्द मी काढला नाही. कुठल्या तोंडानं काढणार होतो? त्याच तारखेला हडपसरहून फोन आला, चाकणहून आला. दोघांना नाही म्हणालो.

लग्नाच्या चार दिवस आधी नातवाच्या आईचा फोन. आवाज अगदी मऊ. मुलीच्या मामांनी परस्पर एक पार्टी ठरवली आहे, त्यांच्याबरोबर लाइट, साउंड, व्हिडिओ सगळं येतं, आणि मामांनी इसारही देऊन टाकलाय, आता मोडलं तर तो बुडेल. "तुम्ही काय, घरचेच. तुम्ही समजून घ्याल. पण जेवायला यायचं हं, वहिनींना घेऊन."

समजून घेतलं. हडपसरला फोन लावला, त्यांनी दुसरं बघितलं होतं. चाकणवाल्यांनी फोन उचललाच नाही. तुणतुणेवाल्याची रजा पडली होती, त्याचे आणि बाकीच्यांचे पैसे मी घरातून दिले. त्यावरून बायकोशी जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

जेवायला गेलो. का गेलो म्हणाल, तर किराणा खाल्ला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, तिसऱ्या रांगेत बसलो. त्या घरचा गोंधळ मी खुर्चीत बसून कधी बघितला नव्हता. मुख्य गोंधळी पंचविशीचा पोरगा. तो वाईट वाजवत असता तर बरं झालं असतं. चांगलं वाजवत होता. हात हलका, आवाज खणखणीत, मध्येच लय दुप्पट करून परत जागेवर यायचा. फक्त त्याला घर माहीत नव्हतं. कुळाचं नाव त्यानं कागदावर बघून घेतलं. आवाहनात सगळे देव आले, त्या लोकांच्या मूळ गावची जानाई तेवढी राहिली. पुढच्या रांगेतून आजींनी मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं. मी मोबाइल काढून उगाच बघत बसलो.

मध्ये चहाला थांबले तेव्हा पोरगा येऊन पाया पडला. "दादा, हे तुमचं घर आहे हे मला आत्ता कळलं. सुपारी मामांकडून आली." म्हटलं, असू दे. मग त्यानं जरा घुटमळत विचारलं, "तुम्ही इसार नव्हता घेतला?" म्हटलं, घरची माणसं आहेत. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मला मागितल्यावर तासाभरात आला."

राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली की त्याला पैसे पाठवताना कुणालाही वाईट वाटलं नव्हतं. मामा रुसले नाहीत, "आम्ही परके का" असं कुणी म्हणालं नाही. व्यवहार होता म्हणून तो मोडताही आला नाही. माझी तारीख मोडता आली, कारण तिच्यावर नुसती माया होती.

चहानंतर त्यानं आपलं तुणतुणं माझ्यापुढं धरलं. संबळ दिला असता तर मी घेतला नसता, हे त्याला कळलं असावं. मागं उभा राहिलो, झील धरली. योग्य जागा आली तेव्हा जानाईचं नाव मीच मागून घेतलं, आणि त्या पोरानं ते झकास उचललं. आजींनी हात जोडले. नातवाच्या आईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते नाटक नव्हतं, अडचण तीच आहे. निघताना तिनं माझ्या बायकोची ओटी भरली, चांगली साडी दिली. बायको ती अजून नेसलेली नाही.

तेव्हापासून इसार. सगळ्यांकडून.

इथं माझं म्हणणं संपलं असतं तर किती बरं होतं. पण त्या वैशाखाच्या आधीचा जो मी होतो तो अजून भांडतो. तो म्हणतो, किराणा पाठवताना आजींनी तुझ्याकडून काय लिहून घेतलं होतं? मी म्हणतो, किराणा माझ्या घरी आला, तारीख बुडाली ती सहा घरांची. तो म्हणतो, साथीदारांच्या आड लपू नकोस.

आणि डॉक्टरांचं काय, म्हणतो. हे त्याचं हुकमी पान. वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर आमच्या गोंधळाचे जुने वेडे. त्यांनी स्वतःची फी घेतली नाही. "तुमच्या वडिलांकडून मी लहानपणी फुकट ऐकलंय," म्हणाले. पुढं त्यांच्या मुलाच्या लग्नाचा गोंधळ ठरला आणि मी त्यांनाही इसार सांगितला. डॉक्टरांनी त्याच मिनिटाला पाठवला, वर अंगठ्याची खूण. त्यांच्या सौ. मात्र त्या रात्री माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. माझंही चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना फी सोडता आली, कारण त्या महिन्यात त्यांना इतर पेशंट होते. माझ्याकडं वैशाखातली ती तारीख एकच असते. हे उत्तर मला स्वतःला दिवसा पटतं.

आजींना मी अलुत्याचं सगळं समजावून सांगितलं होतं, आजोबा, खळं, वाट्याचं धान्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग धान्यच मागायचंस की. मी काय नाही म्हणाले असते?"

यावर काय बोलायचं?

तर नियम सगळ्यांना सारखा आहे, एका ठिकाणाखेरीज. आजींचा नवरात्रातला कुळाचाराचा गोंधळ. त्याचा इसार मी माझ्याच खिशातून पार्टीच्या हिशेबात टाकतो आणि साथीदारांना सांगतो की तिकडून आला. तुणतुणेवाल्याला संशय आहे. तो म्हणतो, घ्यायचा तर सगळ्यांकडून घ्या, नाहीतर कुणाकडूनच नको, ही मधली भानगड काय? त्याचं बरोबर आहे.

यंदा आजींचा दिवस ललिता पंचमीचा. काल त्याच दिवसासाठी चाकणहून फोन आला, तेच लोक, ज्यांना तेव्हा नाही म्हणालो होतो. निम्मे पैसे आज संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाले. आजींच्या घरून अजून कुणी तारखेची खात्री करायला फोन केलेला नाही. ते करतच नाहीत, धरूनच चालतात. चाकणवाल्यांना मी उद्या सांगतो म्हणून ठेवलंय.