पाणी कुठं मुरतंय?

केबिनमधली मधली फळी उचलली की आधी वास येतो. थोडा डिझेलचा, थोडा ओल्या लाकडाचा, आणि उरलेला त्या पाण्याचा स्वतःचा, ज्याला नाव नाही. पाणी नंतर दिसतं. फळीखालच्या या खोलगट जागेला बिल्ज म्हणतात. होडीत कुठूनही शिरलेलं पाणी शेवटी इथंच येऊन बसतं. आलं कुठून, ते मात्र सांगत नाही.

माझी शिडाची होडी २४ फुटी, आणि वयानं माझ्याहून चारच वर्षांनी लहान. घेतली तेव्हा आधीचे मालक म्हणाले होते, “थोडं पाणी असतं हो, पण पंप आहे ना!” जुनं घर विकणारा माणूस ‘पावसाळ्यात जरा ओल येते’ असं ज्या आवाजात सांगतो, अगदी त्याच आवाजात. मीही मान डोलावली. विजेचा पंप होता, पाणी चढलं की आपोआप चालू होणारा तरंगता खटका होता. आणखी काय हवं?

पंप तळ कधीच कोरडा करत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळलं. २ मीटर लांब, २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जवळपास १ लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं घळाघळा खाली परत. त्यामुळे शेवटचं काम स्पंजचंच. पोटावर पालथं पडायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा, स्पंज दाबायचा, बादलीत पिळायचा. पाठ मोडते, पण मला हे काम आवडतं. तळाच्या आडव्या पट्ट्यांना खाली बारीक भोकं असतात, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकावं म्हणून. माझ्या होडीतली त्यातली दोन बुजलेली होती. एकीतून केसांचा गुंता निघाला, दुसरीतून काडेपेटीची काडी आणि कुठल्याशा डब्याचं गळून पडलेलं लेबल. लाकडी होड्यांमध्ये पूर्वी या भोकांतून एक साखळी ओवून ठेवत. अधूनमधून ती मागं-पुढं ओढली की भोकं मोकळी. इतकी साधी युक्ती, आणि आपण तारेचा हँगर सरळ करत बसतो.

शोध सुरू केला तो जिभेनं. गोडं की खारं? गोडं असेल तर पाऊस नाहीतर पिण्याच्या पाण्याची टाकी, खारं असेल तर समुद्र. बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावायचं आणि लगेच थुंकायचं. (डिझेलचा तवंग असेल तर हा प्रयोग करू नये. मी केला आहे.) पण जीभही फसते. तळात जुनं मीठ वाळून बसलेलं असलं तर पावसाचं पाणीसुद्धा खारट लागतं. म्हणून आधी सगळं बिल्ज गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं, दोन दिवस उघडं ठेवलं. मग पुन्हा वाट पाहिली. आलेलं पाणी खारं. स्वच्छ, निर्विवाद खारं.

पहिला संशय स्टफिंग बॉक्सवर, म्हणजे इंजिनाचा दांडा होडीबाहेर जातो तिथल्या बुचावर. जुन्या पद्धतीच्या बुचातून दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, नाहीतर ते तापतं. इंजिन बंद असताना मात्र पडू नयेत. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ४ लिटरहून जास्त होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीसाठी शिकवतात, खरी ती होडीवाल्यांची. पण माझं बूच कोरडं होतं. मग समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या-सोडणाऱ्या प्रत्येक झडपेखाली टिश्यू पेपर ठेवले. कोरडे. नळ्यांच्या क्लिपांभोवती खडूची पूड भुरभुरवली, ओघळ आला तर रेघ दिसावी म्हणून. रेघ नाही. मग आठवडा घालवून खिडक्यांची रबरं बदलली, कारण काहीतरी करायलाच हवं होतं. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. खिडक्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

त्यात बॅटरी उतरायला लागली. जुनी झाली असेल म्हणून नवी आणली. तीही उतरली.

शेवटी वही कामाला आली. तारीख, वारा, होडी कुठल्या बाजूला कलली, आणि बिल्जमधून किती मग निघाले, एवढंच मी लिहीत होतो. महिन्याभरानं पानं चाळली तर नांगरून ठेवलेल्या दिवशी शून्य, उजवीकडे कललो त्या दिवशी शून्य, आणि डावीकडे बराच वेळ कललो त्या दिवशी सात, नऊ, एकदा अकरा मग.

पुढच्या खेपेला सुकाणू मित्राच्या हाती दिलं आणि मी टॉर्च घेऊन फळीशी पालथा पडलो.

“डावीकडेच ठेव रे, सरळ करू नकोस!”

“काय दिसतंय?”

“पंप.”

“पंपाचं काय?”

“उलटा वाहतोय.”

पंपाची नळी होडीच्या डाव्या अंगाला बाहेर निघत होती, पाण्याच्या रेषेपासून जेमतेम वीतभर वर. होडी डावीकडे कलली की ते तोंड पाण्याखाली जाई. नळी वाटेत कुठंही पुरेशी उंच चढवलेली नव्हती, आणि या जातीच्या पंपात पाणी ढकलणारं फिरतं पातं असतं, अडवणारं काही नसतं. समुद्र त्याच नळीतून निवांत आत येत होता. पाणी चढलं की खटका वर, पंप चालू, पाणी बाहेर. पंप थांबला की तेच पाणी पुन्हा आत. घाण्याच्या बैलासारखी ही फेरी तासन्तास चालू, आणि बॅटरीचा जीव जातोय. कुंपणानं शेत खाल्लं आणि मी खिडक्यांना धरलं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. नळी थेट डेकखाली, शक्य तेवढी मधोमध वर चढवली, टोकाला हवा शिरायला छोटी वाट ठेवली, आणि बाहेरचं तोंड मागच्या बाजूला उंच नेलं. उलटं पाणी रोखणारी झडपही मिळते, पण तिच्यात एखादी काडी अडकली की पंपाचंच तोंड बंद. काड्यांशी माझी ओळख आहे, म्हणून नको म्हटलं.

आता पंप असला तरी फळी मी रोज उचलतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरची एखादी नळी निसटली तर मिनिटाला ६० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. लहान पंपाला ते झेपणं कठीण, आणि तळात नेहमीच पाणी असेल तर नवं आलेलं ओळखूही येत नाही.

आणि अजून अर्धा मग निघतोच, फक्त पावसानंतर. गोडा. माझी डोलकाठी छतातून आरपार तळापर्यंत जाते, पोकळ आहे, आणि दोर जायला तिला शेंड्याशी फटी आहेत. एक टिश्यू छताखाली तिच्याभोवती गुंडाळलाय, दुसरा बुडाशी. वरचा भिजला तर छताची कड, फक्त खालचा भिजला तर पाणी काठीच्या पोटातून येतंय. वहीत आजची तारीख घातली आहे, पश्चिमेला ढग भरून आलेत.