रेगो पार्कची बुखारी हॉटेलं: शनिवार सोडून कधीही

शनिवारी जाऊ नका. शुक्रवारी दुपारनंतरही नको. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये रेगो पार्क नावाचा भाग आहे, तिथली बहुतेक बुखारी हॉटेलं, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या ज्यूंची हॉटेलं, कोशर आहेत, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांनी चालतात, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, बंद असतात. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे शुक्रवारी जेवणाच्या वेळेलाच आवराआवर सुरू झालेली दिसेल. जूनमध्ये उलटं. उजेड साडेआठपर्यंत, म्हणून शनिवारी रात्री उघडतील या आशेवर राहण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायल ज्यू मंडळींना ‘शनवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. नियम तोच, इथे घाण्याऐवजी तंदूर. मार्च-एप्रिलमधला पासओव्हर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले त्यांचे सण, या दिवसांत आधी फोन करूनच निघा.

आम्ही रविवारी दुपारी गेलो. ताई आणि भावोजी कोल्हापूरहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे आले होते. ताई पक्की शाकाहारी, भावोजींना मटणाशिवाय रविवार सुना. टाइम्स स्क्वेअर, पुतळा, पूल हे सगळं पाहून झालं होतं आणि भावोजींनी सरळ विचारलं, “इथं खायला काय मिळतं ते सांगा, बघायला नको.”

एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून ‘ई’ सबवे पकडून जॅक्सन हाइट्स-रूझवेल्ट ॲव्हेन्यू. तिथे त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला ‘आर’ लागते, तिचा चौथा थांबा ‘६३ ड्राइव्ह-रेगो पार्क’. सबवेला बँकेचं कार्ड टेकवलं की दार उघडतं, वेगळं तिकीट लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सबवेचे मार्ग हमखास बदललेले असतात, तेव्हा निघण्याआधी ॲप बघा. कारने जायचा मोह टाळा, रविवारी पार्किंग शोधण्यात भूक मरून जाते.

पत्ता मात्र नीट वाचायचा. इथे ६३ ॲव्हेन्यू, ६३ रोड आणि ६३ ड्राइव्ह असे तीन वेगळे रस्ते शेजारी-शेजारी आहेत. शेवटचा शब्द चुकला की तुम्ही दुसऱ्याच गल्लीत. स्टेशनातून वर आलं की समोर क्वीन्स बुलेव्हार्ड, काही ठिकाणी बारा पदरी. पूर्वी अपघातांमुळे याला ‘मृत्यूचा बुलेव्हार्ड’ म्हणत. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर पांढऱ्या चालत्या माणसाचा सिग्नल लागल्या लागल्याच पहिलं पाऊल टाका. अर्ध्यात अडकलात तर मधल्या दुभाजकावर थांबा, पळू नका.

हॉटेलं ६३ ड्राइव्हवर आहेत आणि थोडं चालून गेलं तर १०८ स्ट्रीटवर, ज्याला लोक ‘बुखारी ब्रॉडवे’ म्हणतात. बुखारा, समरकंद, ताश्कंद, दुशान्बे इथले हे ज्यू. काही १९७० च्या दशकात आले, बहुतेक १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला त्याच्या आसपास. आपसात रशियन बोलतात, म्हातारी माणसं बुखोरी, म्हणजे ताजिक-फारसीची एक बोली. पाट्या रशियनमध्ये, मेनूवर इंग्रजी असतंच. मी मुद्दाम एका हॉटेलाचं नाव देत नाही, कारण मेनू सगळीकडे जवळपास सारखाच आहे. निवड करायची ती दोन गोष्टींवरून: कोळशाचा धूर येतोय का, आणि ब्रेड तिथेच तंदूरमध्ये लागतोय का. दोन्ही असतील तर बसा.

ब्रेडपासूनच सुरुवात करा. जाडजूड गोल नान, कडा फुगलेल्या, मधला भाग ठसा मारून दाबलेला, वर तीळ किंवा कलौंजी. गरम असेल तर तो हातानेच तोडायचा. हिंदुस्थानात आल्यावर बाबराने आपल्या आठवणींत तक्रार लिहून ठेवली होती की इथल्या बाजारात चांगला ब्रेड मिळत नाही, चांगली खरबुजं मिळत नाहीत. हा नान खाल्ल्यावर निदान पहिल्या तक्रारीबद्दल त्याला माफ करावंसं वाटलं. दुसरा प्रकारही मागवा, नोनी तोकी, उलट्या कढईवर भाजलेला पातळ, कुरकुरीत, मोठ्या वाटीच्या आकाराचा.

सोबत गाजराची कोशिंबीर येते, लांब किसलेली, लसूण, धणे आणि व्हिनेगर घातलेली. ही मूळची मध्य आशियाची नाहीच. १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतल्या सुमारे १ लाख ७० हजार कोरियन लोकांना उचलून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. त्यांना किमची या त्यांच्या लोणच्याची कोबी मिळेना, म्हणून गाजरावर भागवलं. ताईने ही कोशिंबीर दोनदा मागवली.

आता प्लोव. इथे अपेक्षा आधीच जुळवून घ्या, नाहीतर निराशा होईल. कढईत मटण, कांदा आणि काड्यांसारखं चिरलेलं भरपूर गाजर परतायचं, जिरं घालायचं, वर तांदूळ पसरून न ढवळता शिजू द्यायचा. लवंग नाही, वेलची नाही, मिरची तर नाहीच. पहिला घास घेऊन भावोजींनी विचारलं, “मसाला विसरला का आचारी?” आणि खिशातून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली. ती ताईने टेबलाखालीच दाबून धरली, आणि बरं केलं. कोशर हॉटेलात बाहेरचं काहीही आणायचं नसतं. चटणी नाही, ठेपला नाही, वाढदिवसाचा केकही नाही. हा शिष्टाचाराचा नव्हे, त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे, तेव्हा पिशवीतल्या पुड्या पिशवीतच ठेवा.

माझं मत विचाराल तर प्लोव एकच प्लेट घ्या आणि चौघांनी वाटून खा. तो दुपारीच मागवायचा, कारण सकाळी शिजलेला असतो आणि रात्रीपर्यंत कोरडा पडतो. त्यापेक्षा ‘बख्श’ आहे का ते विचारा. तांदूळ, बारीक चिरलेलं मांस, कलेजी आणि जुडीच्या जुडी कोथिंबीर, सगळा भात हिरवागार. हा खास बुखारी ज्यूंचा प्रकार आहे, रोज नसतो. आमच्या नशिबात होता, आणि भावोजी डबी विसरले.

खरी मजा शिगांवर. किंमत शिगेनुसार असते आणि काही ठिकाणी किमान दोन घ्याव्या लागतात. कोकराच्या बरगड्या आधी मागवा. मग लुल्या, म्हणजे खिम्याचा कबाब. कलेजी चांगली असते, पण ती गार झाली की वातड होते, म्हणून शेवटी मागवून लगेच खा. नुसत्या चरबीची शीगही मिळते. तुकडा चरबीचा, घास नानचा, वर कच्चा कांदा, असं खाल्लं तर कळतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलबद्दल काही सांगितलं असेल तर या ओळीकडे दुर्लक्ष करा. लगमान, म्हणजे हाताने ओढलेल्या लांब शेवया आणि मटणाचा रस्सा, थंडीच्या दिवसांत एकट्याचं पूर्ण जेवण होतं.

शाकाहारींनी उपाशी राहायचं कारण नाही, पण विचारून खावं लागतं. भोपळ्याचा सामसा, म्हणजे तिकडचा समोसा, तंदूरमधून येतो, बटाट्याचं चेबुरेक, म्हणजे करंजीसारखी भरलेली मोठी पातळ पुरी, तळलेलं असतं, त्याशिवाय कोशिंबिरी, वांगी, नान. भाज्यांचा वाटणारा सूपसुद्धा मांसाच्या पाण्यात असू शकतो आणि तेच लगमानचं. मांसाच्या कोशर हॉटेलात दूध, दही, लोणी, पनीर काहीच नसतं, त्यामुळे पनीरचं काहीतरी असेल या भरवशावर कुणाला नेऊ नका. जी मंडळी मांस भाजलेल्या जाळीवरची भाजीही चालवून घेत नाहीत, त्यांच्यासाठी ही जागा नव्हे. सामसा आधी कोपऱ्यातून थोडा फोडून वाफ जाऊ द्या, आत रस उकळत असतो.

दुधाचा नियम चहालाही लागू. ताईने चहात दूध मागितलं, मुलगा हसून लिंबू घेऊन आला. हिरवा चहा किटलीत येतो, बिनकानाच्या छोट्या पियाल्यांत थोडा-थोडा ओततात. पियाला अर्धाच भरला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा म्हणून तो तसाच भरतात. चरबीवर हा चहा हवाच, कोकवर पैसे घालवू नका. गोडात चाक-चाक, मधात घोळवलेल्या तळलेल्या कणकेचे तुकडे. एक प्लेट चौघांना पुरते.

मेनूवरच्या किमतीत ८.८७५ टक्के कर नसतो, तो बिलात येतो. त्यावर १८ ते २० टक्के टिप धरा. मोठा घोळका असेल तर ती आधीच लावलेली असू शकते, बिल वाचून द्या. थोडी रोख जवळ असू द्या. रविवारी संध्याकाळी, किंवा थंडीत शनिवारी रात्री उघडं असताना, एखादी मेजवानी असली तर कीबोर्ड आणि गायक लागतो, मग शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. गप्पा मारायच्या असतील तर दुपारी एकच्या आधी पोचा. चार-पाच जण असलेलं बरं, दोघांत मेनूचा पाव हिस्साही होत नाही.

निघताना शेजारच्या किराणा दुकानातून दोन नान घ्या, ते दुसऱ्या दिवशी तव्यावर थोडं पाणी शिंपडून गरम केले की चालतात. परतीच्या वाटेवर जॅक्सन हाइट्सला गाडी बदलायचीच असते, तर वर येऊन ७४ स्ट्रीटवर दुधाचा चहा मिळतो. ताईने तो घेतल्याशिवाय पुढची गाडी पकडू दिली नाही.