आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर डिझाईनकडे

नाशिकच्या सातपूरला वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पॅनलच्या कंट्रोल सर्किटसाठी व्होल्टेज कमी करून देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, आम्ही तिथेच बनवायला लागलो, कारण अंबडचे पॅनलवाले यायचे आणि म्हणायचे, मोटर भरता तर हा पाचशे व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) पण भरून द्या की. तेव्हा डिझाईन म्हणजे वडिलांची वही. कुठल्या स्टॅम्पिंगला (कोरच्या पत्र्याला) किती स्टॅक (थराची जाडी), व्होल्टला किती टर्न (वेढे), सगळं त्यात, आणि ते बरोबरच असायचं. पण वहीत नसलेली साईज आली की जवळची धरून वायर थोडी जाड टाकावी लागायची, मग तांबं जास्त जायचं आणि कोटेशन चढायचं.

म्हणून मी एक्सेल शीट करायला घेतली. मूळ गणित सोपं आहे, एका टर्नचे व्होल्ट म्हणजे 4.44 गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले फ्लक्स डेन्सिटी गुणिले कोरचा नेट एरिया. 500 व्हीए, 415/110 व्होल्टचा घ्या, कोर 25 चौरस सेंटिमीटर, 50 हर्ट्झ, साध्या स्टॅम्पिंगला 1.2 टेस्ला धरलं तर टर्नला 0.666 व्होल्ट येतात, म्हणजे प्रायमरी (415 व्होल्टची बाजू) 623 आणि सेकंडरी (110 ची) 165 टर्न. सीआरजीओ (चांगल्या प्रतीचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा) घेऊन 1.5 टेस्लाला गेलात तर प्रायमरी 500 च्या आत येते. पण लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून सेकंडरीला टर्न वाढवायचे, ते किती हे वायरच्या रेझिस्टन्सवर, आणि रेझिस्टन्स परत टर्नवर, त्यामुळे एक्सेल सर्क्युलर रेफरन्स म्हणून ओरडतं, तिथे इटरेशन (तेच गणित पुन्हा पुन्हा करणं) चालू करावं लागतं. रेझिस्टन्स पण 75 डिग्रीचाच धरायचा, तांब्याचा तो 20 डिग्रीपेक्षा जवळजवळ 22 टक्के जास्त असतो.

वायरच्या जाडीचं, गेजचं सांगतो, मला ते फार आवडतं. 110 व्होल्टला 4.55 अँपिअर, चौरस मिलिमीटरला 2.5 अँपिअर धरले तर वायर 1.52 मिलिमीटर लागते. बाजारात 17 गेज आहे 1.422 ची आणि 16 गेज 1.626 ची. चढत्या टेबलावर एक्सेलचा व्हीलुकअप जवळची खालची किंमत पकडतो, म्हणजे 17 देणार, आणि वाइंडिंग जास्त तापणार. त्यापेक्षा टेबल गेज नंबरप्रमाणे लावा, व्यास आपोआप उतरत्या क्रमाने येतो, मग मॅच फंक्शनला शेवटी उणे एक दिलं की तो बरोबर वरची, 16 गेजच उचलतो.

पण शीटला खरी किंमत आली ती टेस्टच्या कॉलममुळे. प्रत्येक जॉबला कॅल्क्युलेशनच्या शेजारी प्रत्यक्षातलं लिहायचं, नो लोड करंट, फुल लोडचं व्होल्टेज, तापमान, आणि काट्यावर किती तांबं भरलं ते. हाताने भरलेली कॉइल कोपऱ्यात थोडी फुगते, मशीनवरची घट्ट बसते, त्यामुळे सरासरी टर्नची लांबी दोघांची वेगळी. आमच्याकडे वाइंडिंगला बसणाऱ्या ताईंच्या कॉइलसाठी वेगळा फॅक्टर आहे आणि तो कुठल्याही पुस्तकातून आलेला नाही, काट्यावरून आलेला आहे.

द्राक्षांच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन येतात, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढून चालू-बंद होणारा स्विच) खडखडतोय म्हणून. एका ठिकाणी दोन कॉन्टॅक्टर बदलून झाले होते. आम्ही बघितलं तर ट्रान्सफॉर्मर नुसत्या होल्डिंग व्हीएवर (कॉन्टॅक्टर ओढलेला राहायला लागते तेवढ्यावर) निवडलेला. कॉन्टॅक्टर ओढून घेताना कॉइल त्याच्या कितीतरी पट व्हीए मागते, त्या क्षणी व्होल्टेज खाली जातं, आणि 85 टक्क्यांच्या खाली गेलं की कॉइल नीट ओढेलच याची गॅरंटी नाही. त्यात लाईनचं व्होल्टेज आधीच कमी. त्यांना आम्ही 360, 380, 400, 415 असे प्रायमरी टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी जोड) देऊन, पिकअप व्हीए (ओढून घेतानाची) धरून नवीन बनवून दिला. तेव्हापासून शीटमध्ये पिकअपचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय आम्ही रेट काढत नाही.

आज तांब्याचा रेट एका सेलमध्ये टाकला की कोटेशन तयार होतं, तरी वडील स्टॅम्पिंग हातात घेऊन स्टॅक बघतातच, आणि मला ते हवंच असतं. चौकशी करताना फक्त व्हीए सांगू नका. कॉन्टॅक्टर किती, एकदम किती लागतात, साईटवर व्होल्टेज कमीत कमी किती येतं आणि पॅनलच्या आत गरमी किती असते, एवढं कळवा.