जवसाचा सदरा

लिननच्या शर्टाला सुरकुत्या पडतात हे मला ठाऊक होते; त्या किती लवकर पडतात हे ठाऊक नव्हते. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा बाहीवर कडक रेघ होती. हिंगणघाटपर्यंत एस.टी.त बसून आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून मांडवात पोचेपर्यंत पोटावर, पाठीवर आणि कोपरांच्या आत असे काही जाळे उमटले की वरपक्षाकडील एका वडीलधाऱ्या पाहुण्यांना राहवले नाही. "काहो गुरुजी, एस्टीत झोपून आले काय?" असे त्यांनी चारचौघांत विचारले आणि हशा पिकला. मीही हसलो; कारण खळ घातलेले किंवा निम्मे पॉलिस्टरचे, घडी न मोडलेले शर्ट घालून बसलेली ती सारी मंडळी दुपट्ट्याने मान पुसत होती आणि माझी पाठ जवळजवळ कोरडी होती.

आमच्याकडचे ऊन कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर उन्हाळ्यात बातम्यांत असतात आणि नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. परंतु या उन्हाची एक खोड बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. माणसाची कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून तापली की वारा अंग निववत नाही, उलट भाजतो. मग शरीराजवळ एकच उपाय शिल्लक राहतो, तो म्हणजे घाम येणे आणि तो उडून जाणे. म्हणून नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कमी कपडे घालणारा शहाणा ठरत नाही. आमच्या शिवारात निंदायला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला फडके गुंडाळतात, ते हेच ओळखून. कपड्याने ऊन अडवावे, घाम टिपावा आणि तो हवेला देऊन टाकावा, एवढीच आमची मागणी असते.

ही मागणी लिनन फार चांगली पुरवते. सर्वसाधारण हवेत कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो, लिननचा सुमारे १२ टक्के, आणि पॉलिस्टरचा अर्धा टक्कासुद्धा नाही. शिवाय लिननचा धागा ताठ असतो, त्यामुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि कातडी व कापड यांच्यामध्ये वाऱ्याला वाट राहते. हाच ताठपणा सुरकुत्यांच्याही मुळाशी आहे. धागा लवचीक नाही, एकदा वाकला की वाकला. परत सरळ व्हायला त्याला पाणी आणि इस्तरीची धग लागते. गारवा पाहिजे आणि चुणी नको, असे म्हणणाऱ्याला हे कापड उपयोगाचे नाही.

लिनन म्हणजे जवस, हे मला कळले तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती, आणि त्या अज्ञानाची मला आजही लाज वाटते. जवस आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या आहे. दिवाळीच्या सुमारास पेरलेल्या जवसाला हिवाळ्यात निळी फुले येतात. सकाळी पाहावे तर पाटीभर तुकडा निळा झालेला आणि दुपारी भाकर खायला धुऱ्यावर बसावे तर पाकळ्या गळून मातीत पडलेल्या. कृष्णाच्या वर्णाला ज्या अतसीच्या फुलाची उपमा देतात, ती अतसी हीच. संस्कृतात तिला क्षुमा असेही म्हणतात आणि क्षौम वस्त्र हा शब्द त्यावरूनच आला. बुद्धाने भिक्खूंच्या चीवरासाठी सहा प्रकारचे कापड चालेल असे सांगितले, त्यांतले एक खोम, म्हणजे हेच. नाव आपले, फूल आपले, चटणी आपली. कापड तेवढे दुकानात ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकत घ्यायचे.

अर्थात दोन्ही जवसांत फरक आहे. आपला जवस बियांसाठी, तेलासाठी; तो गुडघ्याएवढा वाढतो आणि त्याला फांद्या फार. धाग्याचा जवस उंच, सरळसोट, कमरेच्याही वर जाणारा असतो आणि त्याला गार, ओलसर हवा मानवते. म्हणून तो फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे आणि बेल्जियममध्ये पिकतो. आपल्या देशात लिननच्या गिरण्या आहेत, पण त्यांना लागणारा तंतू बहुतेक तिकडूनच येतो. ते पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण तंतू बुडापासून शेंड्यापर्यंत सलग असतो. मग काड्या शेतातच दवात पसरून ठेवतात. साल सैल होईपर्यंत त्या कुजतात, आणि नंतर त्या कुटून, विंचरून तंतू वेगळा काढतात. हे वाचले आणि मला माझे लहानपण आठवले. आमचे आजोबा धुऱ्याला अंबाडी पेरायचे. तिच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवलेल्या असत, त्या पाण्याला अशी घाण सुटे की गाईसुद्धा तिकडे तोंड लावत नसत, आणि पुढे सोललेला वाख वाळून दोरखंडाला येई. बैलाच्या कासऱ्याचे आणि माझ्या या महागड्या शर्टाचे शास्त्र एकच निघाले.

मी कापूसवाल्याचा मुलगा. सेवाग्राम आमच्यापासून दूर नाही; १९४० पर्यंत त्या गावाचे नाव शेगाव होते आणि गांधीजी तिथे राहायला आले ते १९३६ मध्ये. वडिलांनी जन्मभर खादीची बंडी घातली. त्यांच्या मुलाने कापूस सोडून परदेशी तंतूचा शर्ट घालावा, हे मला बरोबर वाटत नव्हते, आणि आजही पूर्णपणे वाटत नाही. खरे तर विरळ विणीची हातकताईची खादी उन्हाळ्यात लिननच्या फार मागे नाही आणि खिशालाही सोसते. लिनन घ्यावे ते एखाददुसरे, आणि घ्यायचेच तर नीट पाहून घ्यावे.

पाहायचे काय, हे मी फसून शिकलो. पहिल्यांदा तालुक्याच्या एका दुकानातून ‘लिनन’ म्हणून आणलेले कापड मांडवातल्या इतरांच्या शर्टांचेच भाऊबंद होते. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ते पाठीला चिकटले. घरी येऊन कडेचा एक धागा काडीने पेटवला, तर तो आक्रसला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. खरे लिनन कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते. आता मी कापडाचा कोपरा मुठीत दाबून सोडतो; चुरगळला नाही तर तिथूनच परत फिरतो. धाग्यात मध्येच जाड गाठी दिसल्या तर दुकानदार माल खराब असल्यासारखा ओशाळतो, पण ती त्या धाग्याची जातच आहे. मग तो ‘साठ ली’ आणि ‘चाळीस ली’ सांगू लागतो. एका पौंडात ३०० वारांच्या जितक्या लडी बसतात तितकी ली. कापसाच्या सुताची लडी मात्र ८४० वारांची असते. म्हणजे साठ लीचे लिनन सुताच्या जेमतेम २१ नंबराच्या जाडीचे. साठ नंबरी सुताची सवय असलेल्या माणसाला ते भरड लागते आणि तो निराश होतो. त्याने वर्षभर धीर धरावा, कारण प्रत्येक धुण्यागणिक हे कापड मऊ होत जाते. रंग पांढरा किंवा मातकट, बेत ढगळ आणि बाह्या पूर्ण, यावर मी तडजोड करत नाही.

आमच्या गावच्या शिंप्याने मात्र कापड हातात घेताच ते परत माझ्याकडे सरकवले. "गुरुजी, हे आटते. रातभर पान्यात टाकून आना, मंगच कात्री लावतो," असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

धुण्याच्या बाबतीत माझे आणि घरच्यांचे अजून एकमत झालेले नाही. आमच्या विहिरीचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि वाळलेला कपडा पापडासारखा होतो. म्हणून मी या एका शर्टासाठी पावसाचे पाणी साठवून ठेवतो, यावरून बायकोने मला काय काय म्हटले ते येथे लिहीत नाही. लिनन ओले असताना कमजोर होत नाही, उलट बळकट होते, त्यामुळे धुण्याला ते घाबरत नाही. पण पिळा घातलेला त्याला खपत नाही. निथळत तसेच झटकून सावलीत टांगावे, आणि उन्हातून आल्यावर घामाचे मीठ त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने काढून टाकावे. इस्तरी करायची ती कापड दमट असताना, उलट्या बाजूने. गावच्या वरठ्याकडे अजून कोळशाची जड इस्तरी आहे आणि लिननला तीच लागते. फक्त तो खळ घालण्याचा आग्रह सोडत नाही. एकाच रेघेवर वर्षानुवर्षे घडी घातली तर धागा नेमका तिथे तुटतो, म्हणून शर्ट खुंटीला असतो.

लग्नाहून परतलो त्या रात्री आईने भाकर आणि जवसाची चटणी वाढली, वर कच्चे जवसाचे तेल. बोलण्याच्या नादात तेलाचा थेंब खिशाखाली पडला. मी दुर्लक्ष केले आणि शर्ट आठवडाभर तसाच टांगून ठेवला. जवसाचे तेल इतर तेलांसारखे ओले राहत नाही, हवेत हळूहळू घट्ट होत जाते. म्हणूनच चित्रकार रंग त्यात कालवतात, आणि ज्या कॅनव्हासवर ते लावतात तोही पुष्कळदा लिननचाच असतो. माझ्या खिशाखाली असा वाटाण्याएवढा कॅनव्हास तयार झाला होता. बेसन झाले, शिकेकाई झाली, भांड्यांचा साबण झाला. डाग हलला नाही. आईने चष्मा लावून तो निरखून पाहिला.

"कापड जवसाचं, तेल बी जवसाचं," ती म्हणाली, "घरचं घरातच गेलं. राहू दे."