मोठ्या लोकांत मी काय करतो

डिसेंबर म्हणजे आमच्या धंद्यात हरभऱ्याचा महिना. घाटे धरायला लागतात आणि घाटेअळी, का कोण जाणे, गिऱ्हाइकाला नेमकी शनिवारीच दिसते. अशा ऐन दिवसांत मी कृषी सेवा केंद्राचं शटर ओढतो आणि दोन दिवस शाळेच्या गेट-टुगेदरला जातो. गेली काही वर्षं हे चाललंय, त्यामुळं प्रश्नही ठरलेला आहे. परवा एका काकांनी औषधाची बाटली हातात घेऊन विचारलाच, "भाऊ, तिथं सगळे साहेब लोक येतात म्हणं. एवढ्या मोठ्या लोकांत तुम्ही काय करता?"

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझा मेव्हणा हेच विचारतो तेव्हा असतं, पण ते जाऊ द्या. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हा प्रश्न मी स्वतःला बारा वर्षं विचारत होतो, आणि उत्तर सापडत नव्हतं म्हणून घरीच बसत होतो.

माझी शाळा म्हणजे नवोदय. राजीव गांधी पंतप्रधान आणि नरसिंह राव शिक्षणाचं खातं सांभाळत असताना 1986चं शैक्षणिक धोरण आलं, त्यातली ही योजना. पहिल्या दोन शाळा हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाल्या. मग जिल्ह्याला एक असं करत देशभर झाल्या. तमिळनाडूनं मात्र तेव्हा ही योजना घेतली नाही. पाचवीत परीक्षा द्यायची, निवड झाली की सहावी ते बारावी तिथंच राहायचं. वर्षाला ऐंशी पोरं. त्यातल्या निदान पंच्याहत्तर टक्के जागा खेड्यातल्या पोरांसाठी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

मी 1998 साली सहावीत गेलो. वडिलांनी बाजारातून पत्र्याची पेटी आणली आणि पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलं. पेंटरनं आडनाव चुकवलं. सात वर्षं मी त्या चुकीच्या आडनावाच्या पेटीवर बसून अभ्यास केला, आणि आजही काही मित्र मला त्याच आडनावानं हाक मारतात. घरी पत्रिका येते ती सुद्धा त्याच नावानं. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा अशी पत्रिका पाहिली तेव्हा ती शेजाऱ्यांची समजून देऊन आली होती.

2005ला बारावी झाली. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं आणि एमपीएससीच्या मागं लागलो. दोनदा पूर्व निघाली, दोन्ही वेळा मुख्यला आपटलो. तेवढ्यात बॅचमधले एकेक जण लागत गेले. कुणी डीवायएसपी, कुणी बँकेत, एक मुलगी डॉक्टर, दोघं-तिघं पुण्यात आयटीत. पुढं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा तर रोजच गृहप्रवेश, नवी गाडी, नवी पोस्टिंग. मी प्रत्येकाला हार-फुलांचं चित्र टाकायचो आणि मोबाईल पालथा ठेवायचो. मत्सर होता का? होता की. पण त्याहून जास्त भीती एका शब्दाची होती. गेट-टुगेदरला स्टेजवर बोलावतात, माईक हातात देतात आणि सांगतात: नाव, बॅच आणि सध्या काय करता. हा 'सध्या' फार वाईट शब्द आहे. माझं सध्या म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा आणि युरियाच्या गोण्या. दरवर्षी मी ग्रुपवर लिहायचो, "सीझन आहे, जमणार नाही." सीझन असतोच, त्यामुळं खोटंही नव्हतं.

2017च्या नोव्हेंबरात त्या डॉक्टरणीचा फोन आला. मला वाटलं, आता ही आग्रह करणार. तर म्हणते, "तुझं औषधांचं दुकान आहे ना रे? आईच्या कपाशीची पानं लाल पडलीत. काय मारू?" मी विचारलं, जमीन हलकी का भारी, खत कधी दिलं, तुडतुडे आहेत का. पानं अशी लाल पडतात त्याला आम्ही लाल्या म्हणतो, त्याचं तसंच असतं. मॅग्नेशियम कमी पडतं, नत्र कमी पडतं, वर रात्री गार व्हायला लागल्या की पान लाल होतं. मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाची फवारणी सांगितली, सोबत तुडतुड्यांचा बंदोबस्त. अर्धा तास बोललो. फोन ठेवताना म्हणाली, "डिसेंबरात येतोयस ना, आईला फोटो दाखवायला सांगते." मी हो म्हणून बसलो.

गेलो. स्टेजवर माईक आला तेव्हा "कृषी सेवा केंद्र" हे तीन शब्द मी इतके भरभर म्हटले की पहिल्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "कोणतं केंद्र?" पुन्हा सांगावं लागलं. टाळ्या सगळ्यांना वाजतात तेवढ्याच वाजल्या.

पुढचं खरं झालं ते जेवणानंतर. मेसच्या बाहेर हात धूत होतो, तर डीवायएसपी साहेब शेजारी येऊन उभे. "अरे, आमच्या बापूची तूर जागेवरच वाळतीये. मर म्हणतात ती हीच का?" त्याच्या मागं बँकवाला. त्याच्या मागं पुण्याचा एक जण, ज्याचे वडील त्याच्याकडं फ्लॅटवर चार दिवस राहून कंटाळून गावी परत गेले होते आणि आता सोयाबीनचं बियाणं कुठलं घेऊ म्हणून रोज त्यालाच फोन करत होते. आता तो पंच्याहत्तर टक्क्यांचा आकडा आठवा. हे सगळे साहेब ज्या घरांतून आले त्या घरांची जमीन अजून तिथंच आहे, आणि बांधावर बाप उभा आहे. त्या दुपारी लिंबाच्या झाडाखाली माझं दुकानच लागलं. गोणी तेवढी नव्हती.

तर काका, मोठ्या लोकांत मी हे करतो. पण एवढ्यासाठी दोन दिवस शटर कोण ओढेल? फोनवरही सांगता आलं असतं.

बाकीचं कारण रात्रीचं आहे. आम्ही लॉज करत नाही, परवानगी काढून जुन्या डॉर्मिटरीतच झोपतो. मी शिवालिक हाऊसचा. खाटा त्याच, फक्त आता करकरतात जास्त. डीवायएसपी साहेबांनी पहिल्या रात्री बॅगेतून साखळी काढली आणि स्वतःची बादली खाटेच्या पायाला कुलूप लावून बांधली. आमच्या काळी बादली चोरीला जाणं हा रोजचा गुन्हा, आणि सगळ्यात मोठा चोर हाच. आज त्याच्या हाताखाली पोलीस आहेत, पण स्वतःची बादली सांभाळायला त्याचा कुणावरच विश्वास नाही. पहाटे पाचला कुणीतरी पीटीची शिट्टी फुंकली. खोटी होती, सगळ्यांना कळत होतं, तरी पस्तिशीकडं झुकलेले आठ जण धडपडून उठून बसले. माझाही एक पाय चपलेत गेला होता.

दिवे मालवल्यावर मात्र ग्रुपवर न येणाऱ्या बातम्या निघतात. ज्यानं गाडीचा फोटो टाकला होता त्याची नोकरी त्याच महिन्यात गेली होती. हप्ता अजून चालू. एकाचं घर मोडायला आलेलं. अंधारात तोंड दिसत नाही, त्यामुळं बोलणं सोपं जातं. सहावीत घरची आठवण येऊन रडायचो तेही दिवे मालवल्यावरच. कुणी सल्ला देत नाही. "हं" म्हणतात, कूस बदलतात, खाट करकरते.

उत्तर प्रदेशातला एक जण दर दोन-तीन वर्षांनी येतो, हेही सांगायला हवं. नवोदयमध्ये नववीला काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, मायग्रेशन म्हणतात त्याला. आमचे वीसेक जण तिकडं गेले, मी त्यात होतो. तिकडचे इकडं आले. मी तिकडं भाताविना हैराण, आणि तो इकडं आमची शेंगदाण्याची चटणी खाऊन पाणी-पाणी करत होता. वर्षभरच राहिला, पण मराठीतल्या शिव्या आजही आमच्यापेक्षा शुद्ध देतो. येताना गजकचे, म्हणजे तिकडच्या तिळगुळाच्या मिठाईचे, डबे आणतो आणि मोठ्यांना अजून भैया-दीदी म्हणतो. तसे आम्ही सगळेच म्हणतो. एखादी बाई मोठी अधिकारी असेल, पण दोन बॅच पुढची असली की ती दीदीच, आणि ती पाठीत धपाटा घालणार.

आणि एक सत्तेचाळीस आहे. हा त्याचा रोल नंबर. नाव लिहीत नाही. पालकांच्या भेटीच्या रविवारी त्याच्याकडं कुणी यायचं नाही. घरचे ऊसतोडीला गेलेले असायचे. माझी आई एसटीनं भाकरी, ठेचा घेऊन यायची आणि डबा उघडायच्या आधी विचारायची, "ते दुसरं पोरगं कुठंय?" ते यायचं, खाली मान घालून जेवायचं आणि नंतर आईला विचारायचं, घरी पत्र लिहायचंय का कुणाला. त्याचं अक्षर फार सुंदर. अर्ध्या हाऊसची अंतर्देशीय पत्रं त्यानंच लिहिलेली आहेत, माझीसुद्धा. "मी इकडे खुशाल आहे" हे माझ्या वतीनं त्यानं किती वेळा लिहिलं असेल.

तो आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. दर दिवाळीनंतर मी फोन करतो. "येतो की," म्हणतो आणि येत नाही. गेल्या वर्षी मात्र गप्प राहिला आणि मग म्हणाला, "येऊन सांगू काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, आईनं विचारलंय, ते दुसरं पोरगं कुठंय. आईनं खरंच विचारलं होतं. तो हसला, पण आला नाही.

यंदा नोंदणीचे पाचशे रुपये त्याच्या नावानं मीच भरलेत. आईनं ठेचा करून द्यायचं कबूल केलंय. फाट्यावर गाडी कुठं थांबते ते त्याला सांगावं लागणार नाही.

तेव्हा काका, येत्या शनिवार-रविवारी दुकान बंद. अळीचं औषध लागणार असेल तर शुक्रवारीच नेऊन ठेवा.