हिंगूळ, डमरूयंत्र आणि किल्लारीखालचा खडक

आमचे आजोबा अंबाजोगाईला वैद्यकी करीत आणि त्यांच्या औषधांच्या लाकडी पेटीत हिंगुळाचा एक खडा असे. अंगठ्याएवढा तो लालभडक खडा तळहातावर घेतला की त्याच्या वजनाचे नवल वाटे, कारण हिंगूळ साध्या दगडाच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. मारुतीच्या शेंदराशी त्याचा रंग जुळतो खरा, परंतु शेंदूर शिशाचा असतो. हिंगूळ पारा आणि गंधक यांचा, आणि त्यात वजनाने ८६ टक्के पारा असतो.

पारा काढण्यासाठी आजोबा डमरूयंत्र मांडीत. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांवर बसवून सांधा कापडमातीने लिंपायचा, खालच्या मडक्यातल्या हिंगुळाला आच द्यायची आणि वरच्या मडक्यावर ओले फडके ठेवायचे. आच लागताच पाऱ्याची वाफ वर चढे आणि थंड बुडाला चकाकते थेंब धरत. पुढे भूशास्त्र शिकताना मला जाणवले की, पाऱ्याचे अनेक साठे निसर्गाने याच रीतीने घडवले आहेत.

समुद्रतळावर साचलेल्या, सेंद्रिय द्रव्याने काळ्या पडलेल्या चिखलात पाऱ्याचा अत्यल्प अंश अडकून राहतो. हा चिखल खोल गाडला जाऊन उष्णता व दाब यांनी रूपांतरित होऊ लागला की खनिजांत बांधलेले पाणी सुटते आणि सहज उडून जाणारा पारा त्या उष्ण पाण्याबरोबर भेगांतून वर निघतो. भूपृष्ठाजवळ, सुमारे १०० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला, तो गंधकाशी संयोग पावून हिंगूळ म्हणून बसतो. म्हणून रूपांतरित खडकात हिंगूळ दिसला तरी तो रूपांतरणाच्याच वेळी तिथे जन्मला, असे मानणे बहुधा चुकीचे ठरते. खोलवरचा खडक पारा गमावतो आणि उथळ, भेगाळलेला खडक तो झेलतो.

याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील न्यू आल्माडेनची पाऱ्याची खाण होय. तेथील सर्पेंटाइन या हिरवट रूपांतरित खडकावर कार्बन डायऑक्साइडयुक्त उष्ण पाण्याची क्रिया होऊन सिलिका व कार्बोनेट यांचा ठिसूळ खडक बनला, तो सहज तडकला आणि त्या तडांत हिंगूळ भरला. वर चिकणमातीसारखा, पाणी न झिरपू देणारा थर होता, ज्याला खाणकामगार ‘आल्टा’ म्हणत. त्याच्या खालीच समृद्ध धातुक सापडे. मला तो थर कापडमातीच्या लेपासारखा वाटतो.

स्पेनमधील आल्माडेनची कथा मात्र उलटी आहे. जगात आजवर निघालेल्या पाऱ्याचा सुमारे एक-तृतीयांश देणारा हा साठा क्वार्ट्झाइटमध्ये, म्हणजे वालुकाश्म रूपांतरित होऊन बनलेल्या कठीण खडकात आहे, परंतु तेथे सागरतळावरील ज्वालामुखी क्रियेबरोबर पारा आधी आला आणि सौम्य रूपांतरण नंतर झाले.

आमच्या मराठवाड्यातही रूपांतरित खडक आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल विंधणविवरात सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक लागला, आणि देगलूरकडे तशाच जातीचा खडक उघडाच दिसतो. परंतु हे खडक फार खोलवर, फार तापून घडलेले आहेत. त्यांच्यावरचा उथळ, भेगाळ भाग, जिथे हिंगूळ बसला असता, तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरण्याच्या कितीतरी आधीच झिजून गेला असावा. खालचे मडके तेवढे आमच्या वाट्याला आले आहे.