ढेकळाला माफी, भेगेला नाही

गोल्फच्या नियमांच्या पुस्तकात शेण आहे. चेष्टा नाही, खरंच आहे. चेंडूजवळ जनावराची विष्ठा पडलेली असेल तर ती दंडाशिवाय बाजूला करता येते, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. सुटे दगड, वाळकी पानं, काटक्या आणि घट्ट झालेलं मातीचं ढेकूळ हेही त्याच यादीत. मोकळी माती मात्र नाही. ढेकूळ उचला, माती हलवू नका. हा भेद ज्याला सुचला तो माणूस कधीतरी नांगरटीच्या रानात उभा राहिलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या खेळाचे पहिले लेखी नियम 1744 सालचे, एडिंबराजवळच्या लीथचे. अवघे तेरा. त्यातही दगड आणि हाडं आहेत: ‘फेअर ग्रीन’वर, म्हणजे मोकळ्या हिरवळीवर, असाल तर उचला, एरवी हात लावू नका. त्या मैदानात हाडं कुठून येत होती कोण जाणे. पण समुद्रकाठच्या त्या गार, ओल्या माळावर लिहायला घेतलेलं हे पुस्तक वाढत वाढत आमच्या अमळनेर तालुक्यातल्या काळ्या रानापर्यंत कसं पोहोचलं, याची मजा मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आली.

आमचं रान बोरी नदीच्या अंगाला, चार एकर. खऱ्या अठरा होलच्या कोर्सला सव्वाशे-दीडशे एकर सहज लागतात, तेव्हा चार एकरांत काय होणार ते उघड आहे. गहू निघाल्यापासून कपाशीची तयारी सुरू होईपर्यंत रान मोकळं असतं, तेवढाच आमचा मोसम. तीन होल, आणि फिरून फिरून तेच. नियम चौदा क्लबांची, म्हणजे मारायच्या काठ्यांची, मुभा देतो. आम्हाला सात नंबरची आयर्न, एक वेज आणि पटर पुरतात. ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची काठी, चालवली तर चेंडू थेट शेजारच्या केळीत. होलचा व्यास नियमाप्रमाणे 108 मिलिमीटर. आमच्याकडे 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचे तुकडे पुरलेत. शेतकऱ्याच्या घरात पाईपचा तुकडा मागावा लागत नाही, तो पायात येतोच.

ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत जागा, हे आमचं खळं. हार्वेस्टर आल्यापासून त्याला काम उरलेलं नाही, पण तात्या, म्हणजे माझे चुलते, ते मोडू देत नाहीत. आई ते अजून सारवून घेते. पूर्वी आपल्याकडच्या कोरड्या मुलखातल्या गोल्फ क्लबांच्या मैदानांत हिरवळ टिकायची नाही म्हणून तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ करायचे. सारवलेलं खळं त्याहून सरस, असं माझं मत आहे. चेंडू असा घरंगळतो की थांबायचं नाव घेत नाही.

आखाजीला सासरच्या मंडळींबरोबर धुळ्याचे साडूही आले होते. पुण्यात नोकरीला असताना मला हे वेड लागलं आणि माझ्यामुळे त्यांना. फरक एवढाच की मी खेळतो आणि ते नियम पाळतात. फोनमध्ये अख्खं पुस्तक घेऊन फिरतात. घरात बायकांची खापरावरच्या पुरणपोळ्यांची गडबड, पोरींचे झोके, आणि आम्ही दोघं उजाडायच्या आत रानात. नऊच्या आत आटपलं नाही तर त्या उन्हात उभं राहवत नाही.

पहिलाच फटका साडूंनी बोरीत घातला. आखाजीला बोरीत पाणी शोधावं लागतं. नुसती वाळू, बाभळीची रोपटी आणि टायरच्या खुणा. मी म्हटलं, सोडा हो, कोरडीच तर आहे. साडूंनी फोन काढला. ओढा, नाला, नदी कोरडी असली तरी पाण्याची जागाच धरायची, पेनल्टी एरिया, असं पुस्तक म्हणतं. मला ते फार आवडलं. पाणी नसलं तरी नदी ती नदीच, हे आमच्याकडे पात्रात वीटभट्ट्या घालणाऱ्यांना कोणी तरी वाचून दाखवायला हवं. तिथून खेळायचं की एक फटका दंड घेऊन बाहेर यायचं, हे तुमच्यावर. 2019 पासून तर अशा जागी फटक्याआधी क्लब वाळूला टेकवलेलाही चालतो. बंकरमध्ये, म्हणजे मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यात, तो टेकवून चालत नाही. वाळू तीच, कायदा वेगळा. साडूंनी क्लब मनसोक्त टेकवला आणि चेंडू वर काढला. चांगला काढला, हे कबूल.

तात्या एव्हाना बांधावर येऊन बसले होते. त्यांना गोल्फ कळत नाही. अमळनेरकराला गावातच सुरू झालेल्या विप्रोचा शेअर कळतो, हा खेळ नाही. पण वाद कळतो, आणि आमच्या दोघांत तो चालू होता. माझा चेंडू ठिबकच्या नळ्यांना अडला. नळी उचलून बाजूला केली, दंड नाही. पुढे मोटारीच्या स्टार्टरची पेटी मारण्याच्या आड आली. ती हलत नाही, तेव्हा चेंडू उचलून, अडथळा सुटेल अशा सर्वांत जवळच्या जागेपासून एका क्लबाच्या अंतरात, होलच्या जवळ न सरकता सोडायचा. हेही फुकट. उंदराच्या बिळात चेंडू गेला, फुकट. साप दिसला तरी फुकट. पुस्तकात विषारी साप, मधमाश्या, मगर, अस्वल असा सगळा परिवार दिला आहे. मगर आणि अस्वल आमच्या रानात नाहीत. बाकीच्यांचा उल्लेख झाल्यावर मात्र आम्ही दोघांनी बांधाकडे एकदा बघून घेतलं.

मग साडूंचा चेंडू भेगेत गेला. काळ्या मातीची चैत्र-वैशाखातली भेग, हात कोपरापर्यंत जावा अशी. चेंडू दिसत होता, पण मारता येणं शक्य नव्हतं. पुस्तक उघडलं. भेगेला सवलत नाही. बाभळीला नाही, निवडुंगाला तर स्पष्ट शब्दांत नाही. खेळता येत नसेल तर एक फटका दंड भरा आणि बाहेर काढा. साडूंनी मुकाट्याने भरला.

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पेटी माणसाने बसवली, तिला माफी. बीळ उंदराने केलं, त्याला माफी. आणि भेग देवाने पाडली, तर दंड?”

साडू म्हणाले, तसंच आहे. मैदान जसं आहे तसं घ्यायचं.

“आमच्याकडे उलट आहे, पाहुणे. गारपीट झाली, अवकाळी झाला, 33 टक्क्यांच्या वर गेलं, तर तलाठी पंचनाम्याला येतो तरी. पैसे कधी येतात ते सोडा. पण कापसाचा भाव माणसाने पाडला, त्याचा पंचनामा कोण करतं? तो दंड आपलाच.”

मी आजवर या नियमांकडे असं पाहिलंच नव्हतं. गोल्फ माणसाची आगळीक माफ करतो आणि निसर्गापुढे मान तुकवायला लावतो. ज्यांनी तो रचला त्यांचं पोट त्या माळावर नव्हतं, ते तिथे खेळायला येत होते. ज्याचं पोट मातीवर आहे तो सवलत आधी निसर्गासाठीच मागणार.

परतताना पारावर पत्ते रंगात आले होते. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही. एकाने आमच्या पिशवीकडे बघून विचारलं, “कितलाना डाव शे?” पैसे नाहीत म्हटल्यावर त्याचा रस निम्मा गेला. मग कोण जिंकलं? साडूंनी समजावलं, की ज्याने त्याने आपले फटके आपण मोजायचे, दुसऱ्याने पाहिलं नसलं तरी दंड स्वतःच लावून घ्यायचा. आणि बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. 1925 ची अमेरिकन ओपन. गवतात फटक्याआधी त्याचा चेंडू किंचित हलला, कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतः एक फटका वाढवून घेतला, त्यामुळे स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला.

सगळे क्षणभर पत्ते धरून ऐकत होते. मग एक जण म्हणाला, “मंग तो येडा व्हता का?” आणि पान टाकलं. त्याचं चुकलं म्हणायचं धाडस मला झालं नाही. त्या पारावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातावर डोळा ठेवून असतो, म्हणून तर डाव दिवसभर शांततेत चालतो. स्वतःवर डोळा ठेवायला सांगितलं तर तासाभरात मारामारी होईल.

जेवताना, रसाची दुसरी वाटी संपल्यावर, साडूंनी तात्यांना एक पोटनियम सांगितला. कोर्स चालवणाऱ्या कमिटीला स्थानिक नियम करता येतो. जमिनीच्या भेगा ‘दुरुस्तीखालची जमीन’ म्हणून जाहीर करता येतात. मग त्यांनाही माफी.

“कमिटी कोण?” तात्यांनी विचारलं.

रान तुमचं, तेव्हा तुम्हीच, मी म्हटलं.

तात्यांनी जागच्या जागी भेगा जाहीर करून टाकल्या. सगळ्या, बांधापासून बांधापर्यंत. साडू लगेच सरसावून बसले. मग सकाळचा माझा एक फटका कमी करायचा ना?

“शासन निर्णय मागच्या तारखेने लागू होत नाही,” तात्या म्हणाले, आणि साडूंच्या पानात आणखी एक पोळी वाढायला सांगितली.